गोठ्यातली बोली

कुशाबाईला बारामतीच्या दवाखान्यात नेलं आणि त्याच दिवसापासून राधी म्हैस पान्हा चोरायला लागली. तिच्या पोरानं, ऋषिराजनं, पेंड वाढवून बघितली, रेडकू पुढं बांधून बघितलं, कास कोमट पाण्यानं शेकून बघितली. हात भरून यायचे आणि चरवीचा तळ झाकण्यापुरतं दूध पडायचं. म्हैस लाथ मारत नव्हती की शिंग उगारत नव्हती, नुसती मान वळवून घराच्या दाराकडं बघत राहायची. डेअरीवर माप घेणारा अजित रोज न चुकता विचारायचा, म्हस आटली का काय रं. ऋषिराज घरी येऊन कॅन आपटायचा.

गेणबाला त्या आपटण्याचा राग यायचा. पण त्याचं सगळं ध्यान पडवीतल्या बाजेवर होतं. दवाखान्यातून घरी आणलेली कुशाबाई तिथं पडून होती. उजवा हात लाकडागत पडलेला, ओठाचा कोपरा खाली ओघळलेला. हात-पाय येतील हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले होते. गेणबाला हाताचं एवढं काही नव्हतं. हात नसला तर आपण आहोत की. पण बायकोचं बोलणं गेलं होतं. तोंड बंद पडलं असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. तोंड चालू होतं, आणि त्यातून जे निघत होतं ते कुणाच्या बापाला कळत नव्हतं.

आणि बोलणं गेलं तेही कुणाचं, तर कुशाबाईचं. अख्ख्या पणदऱ्यात तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. कुणाच्या घरात रुसवाफुगवा झाला की तिला बोलावणं यायचं, आणि ती चार शब्द असे टाकायची की रुसलेलं माणूस हसत चुलीपाशी जायचं. त्या बाईला आता पाण्याला पाणी म्हणता येत नव्हतं. सून सोनम पेला घेऊन आली की ती त्या पेल्याकडं बघायची, ओठ हलवायची, काहीतरी भलतंच बोलायची आणि तोंड फिरवायची. सोनम म्हणायची, आत्या, पाणी प्या. आत्या भिंतीकडं बघायच्या. शेवटी पेला तसाच परत जायचा.

त्या सगळ्या गडबडगुंड्यातून एकच शब्द स्वच्छ यायचा. ऊर. कधी नुसतंच ऊर, कधी त्याला मागं काहीतरी शेपूट जोडलेलं. डावा हात उचलून ती तो हवेत हलवायची आणि पुन्हा छातीवर टाकायची. पहिल्यांदा ते सोनमनं ऐकलं. आत्यांच्या उरात दुखतंय म्हणून ती ओरडत शेताकडं पळाली. ऋषिराजनं जीप काढली. बारामतीत छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं. हृदयाला काही झालेलं नव्हतं. घरी आले, तर संध्याकाळी पुन्हा ऊर, ऊर. दोन दिवसांनी पुन्हा जीप, पुन्हा पट्टी.

दुसऱ्या खेपेला एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं कुशाबाईच्या तोंडाजवळ कान नेऊन बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, यांची लहानपणची भाषा कुठली?

मराठीच की, ऋषिराज म्हणाला.

गेणबा खुर्चीत चुळबुळला. "म्हायेर कानडी मुलखातलं हाय तिचं," तो म्हणाला. "इंडीकडचं. पर ती कवाच इसरली ते."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. आईच्या मांडीवर शिकलेली भाषा आणि मागाहून शिकलेली भाषा, दोन्ही दरवेळी एकदम जात नाहीत, असं त्यांनी सांगितलं. कधी ही जाते आणि ती राहते, कधी उलटं होतं, कधी गेलेली परतही येते. आजी बहुतेक कानडी बोलत आहेत, पण मला ती येत नाही. घरात कुणाला येते का? घरात कुणालाच येत नव्हती. मग त्या म्हणाल्या की आजी पाणीच घेत नाहीत, अंग सुकत चाललंय. दोन-तीन दिवसांत पोटात पाणी गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

जीप माळेगावच्या पुढं आली. मग ऋषिराज समोर बघत म्हणाला, आबा, आईला कानडी येतं? त्याच्या आवाजात थोडा रागच होता. तिशी ओलांडलेल्या पोराला आपल्या आईची भाषा दवाखान्यात कळावी, याचा राग कुणावर काढायचा हेच त्याला उमगत नव्हतं. गेणबानं नुसतं व्हय म्हटलं.

गेणबाच्या मामाचं बिऱ्हाड मंगळवेढ्याकडं. त्यानं ही सोयरीक जमवली, तेव्हा पोरगी कामाला वाघ आहे एवढंच सांगितलं होतं. पोरगी आली ती तोंडाला कुलूप लावून. बोलली की घरातल्या बायका पदर तोंडात घालून हसायच्या. तिच्या बोलीत काय म्हणजे नारळ. सासूनं चुलीपुढून "काय?" म्हणून हाक दिली की ही देवापुढचा नारळ आणून सासूच्या हातात ठेवायची. तिला भाकरी तो, म्हैसही तो. ती "म्हस आला" म्हणाली की दीर मुद्दाम उठून, कुठं आला म्हस म्हणत दारात जाऊन बघायचे. एकदा ती आडाजवळ बसून आपल्याशीच आपल्या बोलीत काही पुटपुटत होती, तर गेणबाची आई कडाडली की ह्या घरात असलं यंडुगुंडू चालायचं न्हाय. गेणबा तेव्हा ओट्यावर जेवत होता. तोही हसला होता.

त्यानंतर वर्षादीडवर्षात कुशाबाई अशी मराठी बोलायला लागली की तिला शिकवणाऱ्या जावा मागं पडल्या. ती कशी शिकली, रात्री पडल्या पडल्या किती शब्द घोकले, कुठला शब्द कुणाच्या तोंडून उचलला, हे गेणबानं कधी विचारलं नाही. तिची बोली कुठं गेली हेही त्यानं कधी विचारलं नाही. गेली असेल, एवढंच त्याच्या मनात होतं.

दवाखान्यातून आले त्या संध्याकाळी ऋषिराज म्हणाला, आज धार तुमीच काढा, मला ती ब्यादच नगं. गेणबा चरवी घेऊन गोठ्यात गेला. गोठा पडवीला लागूनच, मधे नुसती कमरेएवढी भिंत. तो राधीच्या कुशीला बसला तशी ती सरकली. "निंदर," गेणबा सवयीनं म्हणाला, "निंदर गं." म्हैस उभी राहिली. बाजेवर कुशाबाईनं मान वळवली, पण गेणबाचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यानं चार धारा काढल्या, वैतागला, उठला आणि पाण्याची बादली म्हशीपुढं सरकवली.

"कुडी," तो म्हणाला. "कुडी, कुडी."

मागं बाज करकरली. गेणबानं वळून बघितलं तर कुशाबाई डाव्या कोपरावर उठायची धडपड करत होती, आणि तिनं तोंड उघडलं होतं. डोळे त्याच्यावर होते. तहानलेल्या लेकरासारखं तोंड उघडून ती थांबली होती.

गेणबाच्या हातातून बादलीची कडी सुटली. ह्या घरात म्हशीला पाणी दाखवलं की कुडी म्हणायचं, थांबवायचं तर निंदर, पुढ्यात वैरण टाकली की तिन, चरवी भरली की साकू. त्यानं म्हटलं होतं, ऋषिराज म्हणत होता, सोनम लग्न होऊन आली तेव्हा तिलाही हेच शिकवलं होतं. तिची पोरगी छकुली शाळेत खिचडी वाढून घेताना "साकू, साकू" म्हणाली, तेव्हा मॅडमनी विचारलं हे काय, आणि सोनमनं लाजून सांगितलं होतं की ती आमच्या म्हशीची भाषा हाय. म्हशीला तसंच बोलायचं असतं असंच सगळ्यांना वाटत होतं. हे शब्द गोठ्यात कुठून आले हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सासूनं घरात कुशाबाईचं तोंड बंद केलं तेव्हा पोरीनं आपली बोली गोठ्यात नेली होती. तिथं हसणारं कुणी नव्हतं. एकामागून एक म्हशी झाल्या, त्यांच्या रेड्या झाल्या, आणि सगळ्या तिची बोली ऐकत वाढल्या.

पाणी घेऊन आलेल्या सोनमच्या हातातला पेला गेणबानं घेतला. तो बाजेपाशी आला, पण त्याला शब्द तोंडातून काढवेना. सून उभी होती, पोरगा दारात होता, आणि त्यानं आपल्या बायकोला म्हशीला म्हणायचं ते म्हणायचं. त्याचे कान तापले. मग त्यानं पेला तिच्या ओठाला लावला आणि हळू आवाजात म्हणाला, "कुडी."

ती प्यायली. अर्धं पाणी हनुवटीवरून सांडलं, पण घोट गळ्याखाली उतरताना सगळ्यांनी बघितला. तिनं पेला संपवला, दुसरा अर्धा घेतला आणि डाव्या हातानं पेला बाजूला सारत म्हणाली, "साकू."

"मामा," सोनम म्हणाली, "ही तर म्हशीची भाषा."

"म्हशीची न्हवं गं," गेणबा म्हणाला. "तिची हाय ती." आणि तो भिंतीला टेकून खाली बसला, कारण त्याला रडू आलं होतं आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाज गोठ्याच्या तोंडाशी ओढली. कुशाबाई राधीला जवळ बोलवत "बा अव्वा, बा" म्हणाली, आणि तिच्या त्या ओघळलेल्या ओठांतून आलेला आवाज ऐकून म्हशीनं कान टवकारले. त्या सकाळी चरवी निम्मी भरली, आणि दोन दिवसांत दुधाचं रडगाणं संपलं. अजितला विचारायला काही उरलं नाही. नळीची गरज पडली नाही. सोनमही आत्याला तिन म्हणून भात भरवायला लागली, आणि आजीनं आखडलेली मूठ उघडावी म्हणून छकुली तिला बिनदिक्कत म्हशीसारखी चुचकारायची.

गेणबा मात्र दिवसभर आपले शब्द मोजत हिंडायचा. ये, थांब, पी, खा, पुरे. पाय सरकव. आणि संध्याकाळी कालव्याच्या कडेनं म्हशी परत फिरवताना म्हणायचं ते. बस. सगळे हुकूम. कुठं दुखतंय, काय पाहिजे, झोप लागली का, यातलं एकही त्याला विचारता येत नव्हतं. म्हशीला कोण विचारतं? आणि कुशाबाई अजूनही दुपारच्या वेळी हात हवेत हलवून ऊर म्हणायची. त्याच्या तोंडाकडं आशेनं बघायची, की ह्याला कुडी कळतं तर हेही कळेल. ते बघणं त्याला सोसवत नव्हतं.

त्यानं ऋषिराजला मंगळवेढ्याला पाठवलं. मामाच्या नातवाकडून कुशाबाईच्या भाच्याचा, मल्लप्पाचा, नंबर मिळाला. ऋषिराज रांगता असतानाच माहेरचं येणंजाणं तुटलं होतं, आणि भाऊ करोनात गेल्यावर निरोपही थांबले होते. ऋषिराजनं फोन आईच्या कानाला लावला, तर ती दचकली, फोनकडं बघत राहिली आणि बोललीच नाही. मग गेणबानं फोन घेतला आणि ऊर म्हणजे काय ते विचारलं.

"ऊर म्हंजे गाव की हो मामा," मल्लप्पा म्हणाला. "ऊरिगी म्हंजे गावाला. आत्याला गावाला जायचं असंल बघा."

"आमी दोनदा छातीची पट्टी काढली रं," गेणबा म्हणाला. पलीकडं मल्लप्पा हसला आणि मग त्याचं हसणं मधेच थांबलं.

अंगात थोडा जीव आल्यावर जीपच्या मागच्या सीटवर गादी टाकून ते तिला घेऊन निघाले. इंदापूर मागं पडलं, मंगळवेढ्याच्या पुढं काळी रानं लागली आणि दुकानांवरच्या पाट्या बदलल्या. गेणबाला त्यातलं अक्षर लागेना. पुढं एका नदीचा पूल ओलांडताना कुशाबाईनं डोकं काचेला टेकवलं आणि नदी संपेपर्यंत काढलं नाही.

मल्लप्पाच्या अंगणात ती उतरली आणि तिची भावजय गंगव्वा धावत आली. दोघी गळ्यात पडल्या. मग कुशाबाई बोलायला लागली. अडखळत, एक शब्द सोडून दुसरा धरत, पण बोलतच राहिली. समोरच्या बाया माना डोलवत होत्या, मधे काही विचारत होत्या, आणि ती सांगत होती. एकदा ती काय बोलली कुणास ठाऊक, सगळ्या बाया खदखदून हसल्या आणि ती स्वतःही वाकड्या तोंडानं हसली. पणदऱ्यात तिच्या बोलण्यावर बाया अशाच हसायच्या. म्हणजे जीभ तीच होती, शहाणपण तेच होतं. नुसतं इकडच्या बोलीत पोचलं होतं.

गेणबा कट्ट्यावर बसून होता. त्याला ओ का ठो कळत नव्हतं. कुणी त्याच्याकडं बघून काही म्हणालं की तो हसायचा, आणि मग वाटायचं, नको तिथं तर हसलो नाही? जेवताना गंगव्वानं भाकरीवर भाकरी वाढली. त्यानं हात आडवा धरला, आणि तोंडातून निघालं, "साकू गं, साकू." चरवी भरल्यावर राधीला म्हणतात त्याच सुरात. बाया पदर तोंडात घालून हसल्या. एका पोरानं तर त्याची नक्कल करून दाखवली. गेणबा खाली मान घालून जेवला. कुशाबाई नवी नवरी होती तेव्हा तिचा घास असाच घशात अडकत असेल, हे त्याला तिथं त्या ताटावर कळलं, आणि भाकरी कडू लागली.

उन्हं कलल्यावर मल्लप्पा त्याच्याशेजारी येऊन बसला. त्याचं मराठी तुटकं होतं, पण बोलणं सरळ होतं. आत्याला इथंच ठेवा, तो म्हणाला. आमी सांभाळतो. हितं तिला सगळ्यांचं कळतं, सगळ्यांना तिचं कळतं. तिकडं तुमच्यात बोलायला कोण हाय तिला?

गेणबाला पटकन नाही म्हणायचं होतं. पण त्यानं अंगणात बघितलं. कुशाबाई भावजयीच्या मांडीशी टेकून बसली होती, आणि आजारपणात पहिल्यांदाच तिच्या कपाळावरची आठी गेली होती. आपल्याकडं तिला काय होतं? ये, थांब, पी, खा, पुरे. तेवढ्यावर म्हैस जगते. ही बाई बोलण्यावर जगलेली. एवढी वर्षं तिनं आपली भाषा शिकून संसार केला आणि आपण तिची शिकलो ती म्हशीकरवी, तीही नकळत. आता म्हातारपणी तिला पुन्हा मुकं करून न्यायचं? त्यानं होकाराची मान हलवली.

"तूच सांग तिला," तो म्हणाला. "मला सांगता यायचं न्हाय."

मल्लप्पानं आत्यापुढं उकिडवं बसून सांगितलं. ती ऐकत होती. एकदा तिनं गेणबाकडं बघितलं, पुन्हा मल्लप्पाकडं बघितलं. ऋषिराज तोंड फिरवून जीपकडं गेला. गेणबानं तिच्या लुगड्यांची पिशवी उंबऱ्याशी ठेवली, तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वळला. मागं बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. तो अंगणाच्या कडेला, बाभळीपर्यंत गेला.

"मनिगी नडी."

आवाज मोठा नव्हता. पण तो सूर त्याच्या कानात मुरलेला होता. ऊन उतरलं, उसात गारवा शिरायला लागला की कालव्याच्या कडेनं कुशाबाई म्हशींच्या मागं चालायची, मागं राहिलेलीच्या पाठीवर हलकी थाप मारायची आणि हेच म्हणायची. म्हशी मग आपोआप पणदऱ्याच्या वाटेला लागायच्या, गोठ्याकडं, घराकडं. तो विळा खांद्यावर टाकून तिच्याही मागं असायचा. हे त्यानं कितीदा ऐकलं होतं याला हिशेब नव्हता.

तो वळला. कुशाबाई गंगव्वाचा हात सोडून डाव्या हातानं भिंत धरत उभी राहायला बघत होती.

मल्लप्पा लगबगीनं पुढं झाला. "मामा, आत्या म्हणतीया की..."

"ऱ्हाऊ दे," गेणबा म्हणाला. "ह्ये मला येतंय."

त्यानं उंबऱ्यावरची पिशवी काखोटीला मारली, तिचा उजवा हात आपल्या गळ्यात घेतला आणि तिला उचलून धरलं. तिचं वजन निम्मं झालं होतं. जीपपर्यंत जाताना त्याचं पाऊल जरा अडलं, तसा तिनं डावा हात वर केला, त्याच्या पाठीवर हलकी थाप मारली आणि म्हणाली, "नडी."

गेणबा चालायला लागला.